सगळे बोलतात, मी मात्र मुकी: कानांनी खेळलेला बॉल्डर्स गेट ३

आईला इंग्रजी येत नाही. 'थँक यू' आणि 'टाइम काय झाला' इतपत येतं, पण पडद्यावरचे संवाद ऐकून कळतील असं नाही. तरी एका रविवारी दुपारी मटार सोलता सोलता तिने मान वर केली आणि विचारलं, "हा कोण गं मेला? इतकं गोड बोलतोय म्हणजे कुणाचा तरी गळा कापणार."

पडद्यावर, मी खेळत होते त्या व्हिडिओ गेममध्ये, राफाएल होता. सैतान. त्याने तोवर कुणाचं काही वाकडं केलेलं नव्हतं. मेजवानीच्या टेबलापाशी उभा राहून आमच्या डोक्यातल्या किड्यावर उपाय सुचवत होता, इतकंच. चेहरा हसरा, कपडे झकपक, भाषा अदबीची. आईने चष्माही लावला नव्हता. तिने नुसता आवाज ऐकला आणि निदान केलं.

त्या दुपारी मी ठरवलं, या गेमवर लिहायचं तर फक्त आवाजावर लिहायचं. चित्रांबद्दल, लढायांबद्दल, कोणता वर्ग घ्यावा न् कोणती तलवार कुठे मिळते याबद्दल ढीगभर लिहिलं गेलंय, आणि त्यातलं मला कळतंही कमी. आवाजातलं थोडं कळतं. बावीस वर्षं मी नाटकांना पार्श्वसंगीत वाजवत होते. वाजवत होते म्हणजे पेटी-तबला नव्हे. संगीतकाराने दिलेला तुकडा प्रयोगात नेमक्या क्षणाला सोडायचा आणि त्याहून नेमक्या क्षणाला काढून घ्यायचा, हे माझं काम. सुरुवातीला दोन कॅसेट डेक आणि रीळ मागे फिरवायला एक पेन्सिल, मग मिनिडिस्क, शेवटी लॅपटॉप. नाव जाहिरातीत सगळ्यात खाली, आणि चुकलं तर सगळ्यात आधी. चिपळूणच्या एका प्रयोगात मी फोनची घंटा इतकी उशिरा दिली, की नटाने रिसीव्हर उचलून अर्धं वाक्य बोलून झालं होतं. मग घंटा वाजली. प्रेक्षक पाच मिनिटं हसत होते. नाटक गंभीर होतं.

तर भाचा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याचा गेमिंगचा पीसी आमच्या डोंबिवलीच्या घरी ठेवून गेला. "मावशी, हा एक गेम खेळून बघ, तुझ्या नाटकासारखा आहे," असं म्हणून त्याने बॉल्डर्स गेट ३ डाउनलोड करून दिला. दीडशे जीबी. दोन रात्री ते उतरत होतं. किंमत तीन हजारांना एक रुपया कमी, ती त्यानेच भरलेली, त्यामुळे पैसे वसूल झाले का, हा प्रश्न माझ्यापुरता निकाली निघाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेल्जियममधल्या गेंट शहरात लॅरियन नावाची कंपनी आहे, तिने हा गेम केला. ३ ऑगस्ट २०२३ रोजी तो पीसीवर पूर्ण स्वरूपात आला. त्याआधी जवळजवळ तीन वर्षं त्याचा पहिला अंक लोक कच्च्या रूपात खेळतच होते. नावातला ३ अशासाठी, की आधीचे दोन भाग बायोवेअर या दुसऱ्याच कंपनीने १९९८ आणि २००० मध्ये केले होते. ते न खेळता हा खेळता येतो. मी तसाच खेळले. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकून, तोंडाने खेळायचा खेळ, त्याचे नियम इथे आहेत. गोष्ट अशी: तुमच्या डोक्यात एक अळी सोडलेली आहे, ती वाढली की तुमचाच राक्षस होणार. तशीच अळी डोक्यात असलेली आणखी काही माणसं वाटेत भेटतात. त्यांना घेऊन उपाय शोधत निघायचं. तीन अंक. हो, अंकच म्हणतात. तिथेच मी घरच्यासारखी बसले.

(पुढे गोष्टीतलं काही काही फुटेल. नको असेल त्यांनी इथेच थांबावं.)

सूत्रधारापासून सुरू करते, कारण या गेमला सूत्रधार आहे. अमेलिया टायलर या अभिनेत्रीचा आवाज. ती कधीच दिसत नाही. तुम्ही एखाद्या मूर्तीला हात लावता, एखाद्याच्या मनात डोकावता, तेव्हा ती बोलते, आणि बोलते ती 'तुला' उद्देशून. तुला असं वाटतं, तुला असं आठवतं. तिने हे माइकच्या अगदी जवळून केलंय, ओठ उघडण्याचा बारीक आवाजही हेडफोनमध्ये येतो. आमच्याकडे बरेच निवेदक प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेसाठी बोलतात. सवयीने स्टुडिओतही तेच करतात. ही बाई एकाच माणसासाठी बोलते, आणि तो माणूस कानाच्या चार बोटांवर बसलाय हे तिला पक्कं माहीत आहे. त्यातही गंमत अशी की ती तटस्थ नाही. तुम्ही मूर्खपणा करायला निघालात की तिच्या स्वरात जरासं हसू उतरतं, थोडी कीवही. एकदा मी नको तिथे नको ते चाटून पाहिलं (गेम तशी मुभा देतो, काय करणार) तेव्हा तिने जे वाक्य उच्चारलं, त्यात मला शाळेतल्या बाई ऐकू आल्या.

आता मुख्य गोष्टीकडे. सुमारे अडीचशे नट या गेममध्ये आहेत. लॅरियननेच दिलेला आकडा २४८. आणि त्यांनी नुसता आवाज दिलेला नाही, अंगावर सेन्सरचा पोशाख चढवून, हातवारे करत, वाकत, वळत भूमिका केल्या. रस्त्यावरच्या दोन वाक्यांच्या भिकाऱ्यालासुद्धा शरीर आहे. ही माहिती मला भाच्याने नंतर सांगितली. पण त्याआधीच मला एक गोष्ट खटकत होती, म्हणजे चांगल्या अर्थाने. श्वास खरे होते.

डबिंगच्या खोलीत नट उभा असतो, समोर कागदाचा स्टँड, हलायचं नाही, कारण कपड्याचा सळसळाट येतो. मग 'धावतोय' हे तो छातीतून खोटं धापा टाकून दाखवतो. ऐकणाऱ्याला ते चालतं, पण कान लावणाऱ्याला कळतं की हा माणूस उभाच आहे. खरा श्वास वाक्याच्या आधी येतो. माणूस वळतो, खांदा उचलतो, त्यात हवा आत जाते आणि मग शब्द फुटतो. तालमीत आमचे एक दिग्दर्शक डोळे मिटून बसायचे आणि मधेच ओरडायचे, "तू बसून बोलतोयस! उभा राहा!" नट खरंच बसलेला असायचा. या गेममध्ये डोळे मिटले तरी मला कोण बसलंय, कोण उभं आहे, कोणी पाठ फिरवली, हे कळत होतं.

याचा कळस अ‍ॅस्टेरियन. हा दोनशे वर्षं एका धन्याचा गुलाम असलेला रक्तपिपासू. नील न्यूबन यांनी केलाय, आणि डिसेंबर २०२३ मध्ये गेम अवॉर्ड्समध्ये अभिनयाचं बक्षीस त्यांनाच मिळालं. पहिले वीस तास मला हा इसम अजिबात आवडला नव्हता. सगळं लाडिक, सगळं नखऱ्याचं, प्रत्येक वाक्याच्या शेवटी स्वर वर. हौशी एकांकिकेतला उमराव वाटायचा. मग हळूहळू लक्षात आलं की हा नखरा पात्राचा आहे, नटाचा नाही. धन्याचं नाव निघालं की त्याचा आवाज एकदम खाली, छातीत उतरतो, आणि पुढच्याच वाक्याला तो खेचून पुन्हा नाकात आणतो. म्हणजे वरचा आवाज हे चिलखत. तिसऱ्या अंकात, तुम्ही त्याला त्या धन्यासारखंच होण्यापासून परावृत्त केलंत, तर तो धन्याला सुरा खुपसतो. एकदा नाही. खुपसतच राहतो. आणि मग खाली बसून रडतो.

त्या रडण्याबद्दल मला लिहायचंय. नाटकातलं रडणं बहुतेक वेळा सुंदर असतं. नट स्वर सांभाळून रडतो, कारण लगेच पुढचं वाक्य घ्यायचं असतं. इथे ते ओंगळ आहे. घसा फाटतो, स्वर फुटतो. लहान मूल मार खाऊन झाल्यावर, आता कुणी बघत नाही अशा वेळी जे काढतं, तसं. मी हेडफोन काढून ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. आईने विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, डोळ्यात कचरा. तिने बहुतेक विश्वास ठेवला नाही.

राफाएलवर परत येते. अँड्र्यू विंकॉट. हे नाव शोधलं तेव्हा कळलं की हे गृहस्थ बीबीसी रेडिओवरच्या 'द आर्चर्स' या मालिकेत अ‍ॅडम मेसीची भूमिका करतात. ही मालिका १९५१ पासून चालू आहे. म्हणजे माणूस रेडिओवरचा! मला एकदम सगळं लागलं. आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको: रेडिओच्या नटाला चेहरा नसतो, म्हणून तो वाक्यातल्या एकेका व्यंजनाला चेहरा देतो. राफाएलचा प्रत्येक 'स' जरा लांबतो, प्रत्येक विराम अर्धा क्षण जास्त टिकतो. सौदा करणाऱ्या माणसाला घाई नसते. आईने गळा कापणारा ओळखला तो या विरामांवरून, अशी माझी खात्री आहे. एप्रिल २०२४ मध्ये बाफ्टा या ब्रिटिश संस्थेने सहायक भूमिकेचं पारितोषिक त्यांना दिलं, ते योग्यच झालं.

आणि याच राफाएलच्या घरी, तिसऱ्या अंकात, लढाई सुरू होते तेव्हा मागे ऑर्गन आणि समूहस्वर चढतात आणि खलनायक स्वतः गायला लागतो. स्वतःच्या विजयाचं गाणं, विंकॉट यांच्याच आवाजात. मी हसले, मग थक्क झाले, मग हरले. कारण गाणं ऐकत बसले आणि चारपैकी तीन खांबांकडे लक्षच दिलं नाही. संगीत नाटकात खलनायकाला पद मिळत नाही, अशी तक्रार आमचा एक तबलजी नेहमी करायचा. त्याला हे दाखवायला हवं होतं.

लेझेल या योद्धा बाईबद्दल एकच सांगते. डेव्होरा वाइल्ड या अभिनेत्रीने तिच्यासाठी तिरस्काराचा एक आवाज केलाय, जिभेने टाळूवर मारलेला 'च्क'. माझ्या थोरल्या मावशीचा होता तसा. स्वयंपाकघरात सुनेने पोळी टम्म न फुगवल्यावर निघणारा. दर चार वाक्यांनी तो येतो आणि दर वेळी मी नकळत पाठ ताठ करून बसते.

कार्लॅक ही माझी लाडकी. सामंथा बेआर्ट यांनी केलीय. नरकात हृदय काढून त्याजागी धगधगतं इंजिन बसवलेली पोरगी. कुणाला हात लावला तर समोरचा भाजेल. म्हणून तिचा आवाज कायम हात लांब ठेवून मिठी मारल्यासारखा. मोठ्याने हसते, मोठ्याने शिव्या देते. तिची इंग्रजी दरबारी नाही, रस्त्यावरची आहे, आणि मला सगळ्यात आवडलं ते हे, की त्या बोलीचा कुणी विनोद केलेला नाही. आपल्याकडे मालिकेत एखादं पात्र वऱ्हाडी किंवा मालवणी बोलायला लागलं की समजायचं, आता हसायचंय. मरणाची गोष्ट करायची वेळ आली की आपण पुन्हा पुण्याच्या भाषेकडे धावतो. कार्लॅकला मरणाची गोष्ट तिच्याच बोलीत करू दिलीय. तिला नरकात विकणाऱ्या माणसाचा सूड घेऊन झाल्यावर तिला कळतं की सूड झाला, पण इंजिन काही थंड झालं नाही, आपण मरणारच. तेव्हा ती जे बोलते ते लांबलचक स्वगत आहे, मोठमोठ्या नटांची दमछाक होईल असं. राग, मग भीती, मग पुन्हा राग, आणि मधे एक हास्य, ते ऐकवत नाही. मागे संगीत जवळजवळ नाही. ज्याने कुणी इथला तुकडा काढून घेतला, त्याला माझा दंडवत. आमच्या धंद्यात तुकडा वाजवल्याचं कौतुक होतं. न वाजवल्याचं कुणी करत नाही.

मोठ्या नावांपैकी जे. के. सिमन्स दुसऱ्या अंकाचा खलनायक केथेरिक करतात. मुलीसाठी देव बदलणारा बाप. थकलेला, जड, कुठेही घाई नाही, उत्तम. जेसन आयझॅक्स गॉर्टॅश झालेत, राजकारणी म्हणून शोभतात, पण मला ते आवाजाच्या तयारीवर निभावून नेताहेत असं वाटलं. त्यांच्यापेक्षा कमी प्रसिद्ध मॅगी रॉबर्टसन यांची ओरिन कितीतरी भयंकर. ही रूपं बदलते. एखादी साधी बाई तुमच्याशी बोलत असते, आणि वाक्याच्या मध्यावर लय बदलते, शब्द तोंडात घोळवल्यासारखे यायला लागतात. चेहरा नंतर बदलतो. कानाला आधी कळतं.

आता नट बाजूला ठेवून नुसत्या ध्वनीकडे.

संभाषणात काही अवघड करायचं असेल, खोटं बोलायचं असेल, कुणाला पटवायचं असेल, तर पडद्यावर वीस बाजूंचा फासा येतो. बाकीचं जग मागे सरतं. तुम्ही टिचकी मारता, फासा खडखडत गरगरतो, आकडा येतो, मग तुमचे अधिकचे गुण एकेक करून येऊन त्याला चिकटतात, प्रत्येकाचा छोटासा नाद, आणि मग निकाल. काम फत्ते झालं तर एक सोनेरी खणक. फसलं तर काहीतरी तडकल्याचा बोदा आवाज. हे सगळं काही सेकंदांचं आहे आणि मी ते शेकडो वेळा ऐकलं असेन, तरी दर वेळी पोटात तेच होतं. तिसऱ्या घंटेचं होतं ते. तिसरी घंटा झाली की प्रेक्षागृहात दिवे उतरतात आणि विंगेत सगळ्यांचे तळवे ओले होतात, मग तो प्रयोग पाचशेवा का असेना. इतका छोटा आवाज इतक्या वेळा वाजून झिजत नाही, हे साधणं फार कठीण. ज्यांनी मोबाइलच्या रिंगटोनला सहा महिन्यांत कंटाळून ती बदललीय, त्यांना समजेल.

सुरुवातीचं जहाज हे मांसाचं आहे. धातूचं नाही, लाकडाचं नाही, जिवंत. दरवाजे उघडतात ते ओलसर, चिकट आवाज करत. रेडिओच्या जुन्या लोकांनी करवंट्यांवर घोड्याच्या टापा काढल्या, पत्रा हलवून वीज कडाडवली, कागद चुरगाळून आग पेटवली. हे दरवाजे कशाने केले असतील याचा मी खूप विचार केला. माझा अंदाज: पिकलेलं कलिंगड आणि ओलं चामडं. चूकही असेल, पण एकदा हे डोक्यात बसल्यावर त्या जहाजाला मला कलिंगडाचा वास यायला लागला.

मंत्र म्हणताना पात्रं लॅटिनसारखे शब्द ओरडतात. अग्नीच्या मंत्राला 'इग्निस'. मला आपलं 'अग्ने' आठवलं आणि बरं वाटलं. चोरपावलांनी चालत असाल तर सोबती कुजबुजून बोलतात. वाक्य तेच, पण वेगळं ध्वनिमुद्रित केलेलं. आवाजाचा खटका कमी करून काम भागवता आलं असतं. तसं केलेलं नाही. कुजबुज म्हणजे कमी आवाज नव्हे, कुजबुजीत स्वरतंतू कंप पावतच नाहीत, ती नुसती हवा असते. हे माहीत असलेला कुणीतरी तिथे बसलाय.

मेलेल्यांशी बोलायचा मंत्र आहे. प्रेत उठतं, पाचच प्रश्नांची उत्तरं देतं. तो आवाज कोरड्या विहिरीतून आल्यासारखा, शब्दांच्या मधे हवा नसलेला. अर्थात, मेलेला माणूस श्वास का घेईल! हा विचार ज्याला सुचला त्याने बाकी काही केलं नसतं तरी चाललं असतं. (ज्याला तुम्हीच मारलंय तो मात्र तुमच्याशी बोलत नाही. रास्त आहे.)

आणि प्राणी. प्राण्यांशी बोलायचा काढा मिळतो किंवा मंत्र मिळतो, तो घ्याच. गेमभर कुत्री, मांजरं, उंदीर, बैल, पक्षी, सगळ्यांना स्वतंत्र आवाज आणि स्वभाव आहेत. मेलेल्या धन्याशेजारी बसलेला स्क्रॅच नावाचा कुत्रा 'हा उठत का नाही' या अर्थाचं काहीतरी इतक्या साधेपणाने बोलतो, की नट कुत्रा 'करत' नाहीये हे लगेच कळतं. बालनाट्यात आपण प्राणी म्हटलं की आवाज चिरका करतो. इथे तसं कुणी करत नाही. एका खाणावळीत बिनकेसांचा एक मांजर राजा आहे, त्याच्याशी बोलताना मी चुकून 'अहो' म्हणाले.

संगीत बोरिस्लाव स्लावोव्ह या बल्गेरियन संगीतकाराचं. एक मूळ धून आहे, ती गाणं होऊन येते, लढाईत तलवारीसारखी येते, कधी नुसती दोन-चार सुरांनी मागून डोकावून जाते. पहिल्या अंकात एक मुलगी कड्यावर बसून आपल्या मेलेल्या गुरूसाठी गाणं रचत असते, तिला शेवट सापडत नसतो. तुम्ही तिला तो शोधायला मदत करू शकता. मी हा प्रसंग तीनदा केला. बाकीच्या संगीताबद्दल जास्त लिहीत नाही. ते सुंदर आहे आणि त्याची चर्चा भरपूर झालीय. बाफ्टाने संगीताचंही पारितोषिक याच गेमला दिलं. ध्वनीचं मात्र दिलं नाही, ते त्या वर्षी 'अ‍ॅलन वेक २' ला गेलं. मी तो खेळलेले नाही, पण बॉल्डर्स गेटला का गेलं नाही, याची मला कल्पना आहे. त्याबद्दल.

शहर. तिसऱ्या अंकात तुम्ही अखेर नावातल्या त्या शहरात येता, आणि तिथे ध्वनी उघडा पडतो. गर्दी आहे, फेरीवाले आहेत, निर्वासित आहेत, आणि प्रत्येकाजवळ दोन-तीन वाक्यं आहेत. तुम्ही दुकानासमोर पिशवी आवरत पाच मिनिटं उभे राहिलात, तर तेच वाक्य, त्याच सुरात, त्याच श्वासासकट आठ-दहा वेळा येतं. ज्या गेमने भिकाऱ्याला शरीर दिलं, तोच त्याला पोपट करून टाकतो. डोंबिवली स्टेशनबाहेरचा भाजीवालासुद्धा दर हाकेला 'कोथिंबीर' वेगळी म्हणतो. कधी 'को' लांबवतो, कधी 'बीर'. गर्दीचा आवाज वाक्यांनी होत नाही, अर्धवट शब्दांनी होतो.

सोबत्यांचंही तेच. माझ्या गटात बदल केला, कुलूप उघडलं, शिडी चढले, की तीच ठरलेली वाक्यं. शॅडोहार्टचा आवाज जेनिफर इंग्लिश या अभिनेत्रीने इतका राखून, इतकं काहीतरी लपवत केलाय, की तिची तीच ओळ चाळिसाव्यांदा ऐकताना वाईट वाटतं. चालता चालता दोन सोबती आपसात गप्पा मारतात, त्या तर लाखमोलाच्या, पण तुम्ही मधेच कुणाशी बोललात किंवा लढाई लागली की गप्पा तिथेच तुटतात आणि मी तरी त्या पुन्हा जोडलेल्या ऐकल्या नाहीत. अर्धा विनोद ऐकून मी चार दिवस राहिले.

पण खरी तक्रार वेगळी. या गेममध्ये सगळे बोलतात. खारी बोलतात, प्रेतं बोलतात, भिंतीतले चेहरे बोलतात. बोलत नाही ते फक्त माझं पात्र. सुरुवातीला आठ आवाजांतून एक निवडायला सांगतात. मी दोन तास घालवून एक खर्जातला निवडला. तो चालताना, लढताना दोन शब्द बोलतो, बस्स. कार्लॅक ते सगळं स्वगत माझ्याकडे बघून करते, आणि मी? माझा चेहरा भुवया उंचावतो. अ‍ॅस्टेरियन रडतो, मी उभी. समोरचा नट जीव ओततोय आणि सहकलाकार कठपुतळी. मला कारण समजतं. प्रत्येक पर्यायाची ओळ आठ आवाजांत मुद्रित करायची तर डोंगर उभा राहील. आधीच चित्रदृश्यं १७४ तासांची आहेत, असं कंपनी सांगते. शिवाय मुका नायक हा या जातीच्या गेमचा जुना रिवाज आहे, भाच्याने मला तासभर समजावलं. समजलं. पटलं नाही. एकमेकांशी बोलल्याशिवाय प्रवेश रंगत नाही, तालीम कितीही केली तरी.

घ्यायचा असेल तर काही सूचना. स्पीकरवर खेळू नका, बरा हेडफोन हवाच. निवेदिकेचं अर्धं काम स्पीकरवर वाया जातं. सेटिंगमध्ये संगीत थोडं खाली आणि संवाद पूर्ण वर ठेवा. आवाज फक्त इंग्रजीत आहेत. लिखित भाषा बऱ्याच आहेत, आपली एकही नाही, त्यामुळे ज्यांना इंग्रजी भरभर वाचता येत नाही त्यांनी संवाद घाईने पुढे न ढकलता ऐकावेत, सूर अर्धा अर्थ सांगून जातो. आईला सांगितला तसा. गेम मोठ्यांसाठी आहे, रक्त आहे, आणखीही बरंच आहे. आई घरात असताना छावणीतले काही प्रसंग मी आवाज बंद करून उरकले, ते तेवढे परीक्षणातून वगळावेत.

मुकेपणावर मी माझ्यापुरता तोडगा काढलाय. दुसऱ्यांदा खेळतेय, आणि आता पर्याय निवडायच्या आधी माझी ओळ मीच मोठ्याने म्हणते. मराठीत. परवा राफाएल पुन्हा तो सौदा घेऊन आला. मी खुर्चीत ताठ बसले, श्वास घेतला आणि म्हटलं, "नको महाराज, तुमचा भाव आम्हाला परवडायचा नाही."

आतून, कुकरची शिट्टी संपायची वाट बघून, आई म्हणाली, "बरं केलंस."

मग मी टिचकी मारली.